‘गेस्ट’ने केलं म्हणजे नेमकं कोणी केलं? सिस्टिम ॲडमिन मंडळींना खुलं पत्र

सामायिक संगणक सांभाळणाऱ्या सर्व सिस्टिम ॲडमिन मंडळींना,

स. न. वि. वि.

काही वर्षं मी तुमच्याच खुर्चीत बसायचो. पंचवीसेक संगणक, एक सर्व्हर, आणि प्रत्येक मशीनवर ‘गेस्ट’ नावाचं एकच खातं. पासवर्ड मॉनिटरच्या कडेला चिठ्ठीवर लिहिलेला. आता काम बदललंय आणि अशा संगणकांवर मी बसतो तो पाहुणा म्हणून. परवा जुन्या ओळखीतल्या एका ॲडमिनचा फोन आला. “गेस्ट लोक काय काय करतात ते सगळं दिसेल असं एखादं सॉफ्टवेअर सुचव ना.” त्याला उत्तर देता देता लक्षात आलं, हे त्याच्या एकट्यापुरतं नाही. म्हणून हे पत्र.

आधी माझी चूक सांगतो. एका दुपारी शेअर्ड फोल्डरमधल्या बऱ्याच फाइली गायब झाल्या. सर्व्हरचा लॉग, म्हणजे तिथे काय घडलं याची आपोआप होणारी नोंद, उघडला. नाव गेस्ट, मशीन अमुक, वेळ तीन वाजून दहा मिनिटं. दाराशी ठेवलेली वही काढली, वेळ जुळवली, आणि तीन वाजून पाच मिनिटांनी त्या मशीनवर बसलेल्या मुलाला बोलावून चार लोकांसमोर झापलं. तो ‘मी नाही, मी नाही’ म्हणत राहिला. आठवड्याभराने कळलं की सर्व्हरचं घड्याळ भिंतीवरच्या घड्याळापेक्षा अकरा मिनिटं पुढे होतं. म्हणजे फाइली गेल्या तेव्हा तो मुलगा खुर्चीत बसलाही नव्हता. त्याच्या आधीचा माणूस लॉगऑफ करून उठत होता, आणि लॉगऑफच्या वेळी गेस्टचं खातं साफ करणारी, मीच लिहिलेली स्क्रिप्ट (आपोआप चालणाऱ्या आज्ञांची फाइल) गेस्टच्याच नावाने चालत होती. कोणीतरी सोयीसाठी शेअर्ड फोल्डरची लिंक डाउनलोड्समध्ये करून ठेवली होती. स्क्रिप्ट त्या लिंकवाटे आत शिरली आणि पलीकडचंही झाडून मोकळी झाली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच, आणि इथे चोर मीच होतो.

लॉग खोटं बोलला नव्हता. ‘गेस्ट’ने फाइली पुसल्या हे खरंच होतं. पण ‘गेस्ट’ हे कोणाचंच नाव नाही. ज्या खात्यात दिवसाला चाळीस माणसं शिरतात त्याच्यावर कितीही बारीक पाळत ठेवा, हाती लागतं ते चाळीस जणांचं एकत्र गाठोडं. माझ्या मित्राने मागितलेलं सॉफ्टवेअर त्या गाठोड्याचं वजन वाढवेल, गाठ सोडवणार नाही.

एका नावात दोन माणसं कोंबली की काय होतं याचं उदाहरण फार जुनं आहे. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात १९६१ साली सीटीएसएस ही प्रणाली पहिल्यांदा चालवून दाखवली गेली. यंत्र एकच, टर्मिनल अनेक, प्रत्येकाला वेळेचा थोडा थोडा वाटा. १९६६ साली एके दिवशी तिथे लॉगिन करणाऱ्या प्रत्येकासमोर रोजच्या सूचनेऐवजी सगळ्यांचे पासवर्ड उमटायला लागले. कोणी हल्ला केला नव्हता. दोन ॲडमिन एकाच खात्यातून एकाच वेळी काम करत होते. एक रोजची सूचना बदलत होता, दुसरा पासवर्डच्या फाइलीत काही करत होता, आणि एडिटर, म्हणजे फाइलींत लिहायचा प्रोग्रॅम, दोघांच्याही तात्पुरत्या फाइलीला एकच नाव देत होता. फाइलींची अदलाबदल झाली. एका खात्यात एका वेळी एकच माणूस असणार, असं एडिटर लिहिणाऱ्याने धरून चाललं होतं. या प्रणालीचे प्रमुख फर्नांडो कॉर्बातो यांनी ट्युरिंग पुरस्काराच्या (संगणकशास्त्रातला मोठा सन्मान) व्याख्यानात हा किस्सा स्वतःच सांगितलाय. ती तर जाणती माणसं होती. आपल्या गेस्ट खात्यात तर कोणीही असतं.

म्हणून माझी पहिली मागणी अशी की पाळतीचं सॉफ्टवेअर घेण्याआधी ते एकच एक खातं मोडा. प्रत्येक बैठकीला वेगळं तात्पुरतं नाव द्या. काउंटरवर चिठ्ठी फाडून द्यायची, तिच्यावर एक क्रमांक आणि दोन तास चालणारा पासवर्ड. लॉगमध्ये ‘गेस्ट ०४१७’ दिसेल, तो क्रमांक कोणाला दिला होता हे काउंटरवरच्या वहीत असेल. या दोन गोष्टी मुद्दाम वेगवेगळ्या हातात ठेवा. तुमच्याकडे लॉग, काउंटरवरच्या माणसाकडे वही. रोजच्या कामात तुम्हाला माणसाचं नाव कळायची गरजच नसते. कुठला क्रमांक डिस्क भरतोय एवढं कळलं की पुरतं. खरंच काही बिघडलं तर दोघांनी समोरासमोर बसून क्रमांक जुळवायचा. मी त्या दिवशी असं केलं असतं तर वहीवाल्याने निदान घड्याळाकडे तरी बोट दाखवलं असतं. (भिंतीवरचं घड्याळ रोज तोच लावायचा.)

यासाठी फार काही विकत घ्यावं लागत नाही. विंडोजमधलं जुनं गेस्ट खातं विंडोज १० पासून वापरातून गेलंच आहे. त्याऐवजी सामायिक संगणकांसाठी असलेली सोय चालू केली की प्रत्येक पाहुण्याला नवं खातं मिळतं आणि साइनआउट झाल्यावर ते पुसलं जातं. लिनक्सवर तर अशी खाती बनवणं आणि मुदत संपली की बंद करणं हे चार ओळींच्या स्क्रिप्टचं काम. फक्त ती स्क्रिप्ट लिंकवाटे दुसरीकडे शिरत नाही ना, तेवढं तपासा.

आता नोंदींबद्दल. ‘आमच्याकडे काही नोंदच नाही’ असं अनेक ॲडमिन म्हणतात, तेव्हा बहुतेक वेळा नोंद असते, फक्त कोणी बघितलेली नसते. लिनक्सवर ‘लास्ट’ ही कमांड द्या; कोण कधी आलं, कुठल्या टर्मिनलवरून आलं, कधी गेलं, सगळं समोर येतं. ‘लास्टबी’ दिली की फसलेली लॉगिन दिसतात. मात्र पुष्कळ ठिकाणी या फाइली महिन्याला बदलल्या जातात आणि मागची एकच प्रत ठेवली जाते, हे लक्षात असू द्या. दोन महिन्यांनी शोधायला गेलात तर हात हलवत परत याल. विंडोजच्या सिक्युरिटी लॉगमध्ये ४६२४ म्हणजे यशस्वी लॉगिन, ४६२५ म्हणजे फसलेलं, ४६४७ म्हणजे माणसाने स्वतःहून केलेलं लॉगऑफ. लॉगच कोणी पुसला तर त्याचीसुद्धा नोंद होते, ११०२ क्रमांकाची. ‘लॉगिनचा प्रकार’ हा रकाना जरूर बघा. २ असेल तर माणूस मशीनसमोर बसलेला होता, ३ असेल तर नेटवर्कवरून आलेला, १० असेल तर रिमोट डेस्कटॉपवरून. त्या एका आकड्यावरून निम्मी भांडणं मिटतात.

आणि काय नसतं तेही माहीत हवं. फाइल कोणी पुसली हे विंडोज आपणहून लिहून ठेवत नाही. त्यासाठी ऑडिटचं, म्हणजे बारीक नोंदी ठेवायचं, धोरण चालू करावं लागतं आणि नेमक्या त्या फोल्डरवर ऑडिट लावावं लागतं, तेव्हा कुठे ४६६३ क्रमांकाच्या नोंदी यायला लागतात. घटना घडून गेल्यावर हे चालू करणं म्हणजे वरातीमागून घोडं. उलट सगळ्याच फोल्डरांवर ऑडिट लावलंत तर लॉग हां हां म्हणता भरतो. त्याचा ठरलेला आकार अवघा २० एमबी असतो आणि भरला की जुन्या नोंदींवर नव्या चढतात. म्हणजे जास्त बघायच्या हव्यासात कालचंच पुसलं जातं. महत्त्वाचे दोन-तीन फोल्डर निवडा, तेवढेच.

लिनक्सवाले ॲडमिन फार विश्वासाने बॅशची हिस्टरी, म्हणजे बॅश या शेलमध्ये (कमांड घेणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) दिलेल्या कमांडची यादी, उघडतात. ती पुरावा म्हणून धरू नका. ती फाइल पाहुण्याच्या स्वतःच्या मालकीची असते. तो तिच्यात हवं ते लिहू शकतो, हवं ते पुसू शकतो. बऱ्याच ठिकाणी कमांडच्या आधी नुसती एक मोकळी जागा सोडली की ती हिस्टरीत जातच नाही. शिवाय फाइलीत नोंद होते ती साधारणपणे शेल बंद होताना. शेल मध्येच मारून टाकली की त्या बैठकीचं काहीच उरत नाही. खरी गरज असेल तर कर्नलचं, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याचं, ऑडिट वापरा. त्यात लॉगिनच्या वेळचा मूळ क्रमांक शेवटपर्यंत चिकटून राहतो. मधे कोणी ‘सुडो’ने दुसऱ्याचं रूप घेतलं तरी आत आला तो कोण हे पुसलं जात नाही. मात्र हे सगळं लॉग दुसऱ्या मशीनवर पाठवा. ज्याच्यावर नजर ठेवायची त्याच्याच हाताशी नोंदवही ठेवण्यात काय अर्थ?

१९८६ सालची खगोलशास्त्रज्ञ क्लिफर्ड स्टोल यांची गोष्ट तुमच्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेत संगणकावरच्या वेळेचा हिशेब ठेवला जाई, आणि त्या हिशेबात ७५ सेंटांचा फरक येत होता. एवढ्याशा फरकाचा माग काढत स्टोल एका घुसखोरापर्यंत पोहोचले आणि प्रकरण शेवटी जर्मनीतल्या हॅनोव्हरमधल्या मार्कुस हेसपर्यंत गेलं, जो मिळवलेली माहिती केजीबी या सोव्हिएत गुप्तहेर संस्थेला विकत होता. ही गोष्ट ‘बघा, सगळ्यांवर पाळत हवीच’ हे पटवायला नेहमी सांगितली जाते. मला तिच्यात नेमकं उलटं दिसतं. सुगावा लागला तो साध्या हिशेबामुळे. कोण आलं, किती वेळ बसलं, कोणाच्या नावावर बसलं, एवढ्याच नोंदीतून. त्या वहीत एक खातं असं निघालं की ज्याचं बिल पाठवायला पत्ताच नव्हता. त्यानंतर स्टोल यांनी घुसखोराची प्रत्येक कळ कागदावर छापून घेतली हे खरं, पण ती संशय पक्का झाल्यावर, आणि त्याच्या हाताला लागणार नाही अशा वेगळ्या यंत्रांवर. आधी वही, मग संशय, मग त्या एका माणसापुरती नजर. आपण सुरुवातच शेवटच्या पायरीपासून करायला निघतो.

आता कीलॉगर, म्हणजे दाबलेली प्रत्येक कळ टिपून ठेवणारं सॉफ्टवेअर. इथे मला सावकाश बोलायचंय, कारण हा घाणेरडा प्रकार मीही केलाय. वरच्या प्रसंगानंतर चिडून मी चार मशीनवर कीलॉगर टाकला. दुसऱ्याच दिवशी फाइल उघडली तर एका बाईंचा बँकेचा पासवर्ड समोर. खाली कोणाची तरी डॉक्टरला लिहिलेली मेल, अर्धवट खोडलेली, पुन्हा लिहिलेली. कीलॉगरला पाठवलेली मेल आणि खोडलेलं वाक्य यांतला फरक कळत नाही. माणसाने बोलायचं नाही म्हणून गिळलेलं वाक्यही तो लिहून ठेवतो. आणि ती फाइल कुठे होती? सर्व्हरवरच्या एका फोल्डरमध्ये, साध्या मजकुरात, जो माझ्याखेरीज आणखी चौघांना उघडता येत होता. कुंपणानेच शेत खायची सगळी तयारी मी करून ठेवली होती. उद्या कोणी घुसलं असतं तर पाहुण्यांचे पासवर्ड गोळा करायचे कष्ट त्याला पडलेच नसते. ते मी आयते बांधून ठेवले होते. त्याच संध्याकाळी मी सगळं पुसलं. त्या दोन दिवसांत कामाची अशी एकही गोष्ट मला कळली नव्हती.

दर मिनिटाला स्क्रीनचा फोटो काढणारी सॉफ्टवेअरही त्याच माळेतली. फोटो कीलॉगरइतकेच बोलके, वर डिस्क खातात.

पाळत ठेवायचीच असेल तर निदान सांगून ठेवा. डिसेंबर १९९२ मध्ये सर्ट या संगणक सुरक्षेवर काम करणाऱ्या अमेरिकी संस्थेने जगभरच्या ॲडमिनसाठी एक सूचनापत्र काढलं होतं. कळांची नोंद ठेवायची असेल तर तसं लॉगिनच्या वेळीच दिसेल असं लिहा, असा अमेरिकी न्याय खात्याचा सल्ला त्यात होता. तीस वर्षं उलटली, तरी आजही पुष्कळ सामायिक संगणकांवर लॉगिनच्या पडद्यावर डोंगराचं चित्र असतं आणि सूचना नसते. कुठे असलीच तर ती वकिली भाषेत, बारीक अक्षरांत, दोन पडदे भरून. ती न वाचता ‘ओके’ दाबण्यासाठीच जणू लिहिलेली. मला वाटतं एवढं पुरेल: “या संगणकावर तुम्ही कधी आलात, कधी गेलात, कुठले प्रोग्रॅम चालवलेत आणि शेअर्ड फोल्डरमध्ये काय बदललंत याची नोंद होते. तुम्ही काय टाइप करता, काय वाचता याची होत नाही. ही नोंद साठ दिवसांनी पुसली जाते. शंका असल्यास काउंटरवर विचारा.” साठच्या जागी तुमच्या कामाला लागतो तो आकडा घाला, कायद्याने काही ठरवून दिलं असेल तर तो. पण आकडा घाला, आणि त्या दिवशी खरंच पुसा. दुसरं वाक्य लिहिताना हात अडखळला तर का अडखळला ते तुमचं तुम्हाला कळेलच.

एक गोष्ट मला पाहुणा झाल्यावरच कळली. सामायिक संगणकावर माझ्यावर नजर ठेवू शकणारा सगळ्यात जवळचा माणूस ॲडमिन नसतोच. तो माझ्यानंतर त्या खुर्चीत बसणारा असतो, किंवा त्याच सर्व्हरवर त्या क्षणी काम करत असलेला. परवाच एका ठिकाणी बसलो, ब्राउझर उघडला, तर आधीच्या बाईंचा मेलबॉक्स सताड उघडा. मी बंद केला. माझ्या जागी दुसरं कोणी असतं तर? सर्व्हरवर अजून सोपं आहे. अनेक लिनक्स सर्व्हरवर कोणीही ‘पीएस’ची कमांड दिली की बाकीच्या सगळ्यांचे चालू प्रोग्रॅम दिसतात, आणि कोणी कमांडच्या ओळीतच पासवर्ड लिहिला असेल तर तोही. हे झाकायला ‘हाइडपिड’ नावाची सोय २०१२ पासून कर्नलमध्ये आहे. किती जणांनी ती चालू केलीय? तात्पुरत्या फाइलींचा फोल्डर सगळ्यांना सामायिक असतो आणि तिथल्या फाइली बहुतेकदा इतरांनाही वाचता येतात. हे सगळं तुमच्या पाळतीच्या सॉफ्टवेअरला दिसणारही नाही, कारण इथे नियम कोणीच मोडत नाही; दार तुम्हीच उघडं ठेवलेलं असतं.

‘गेस्ट मोड आहे, आपोआप पुसलं जातं’ यावर फार विसंबू नका. २००९ मध्ये मॅकच्या स्नो लेपर्ड आवृत्तीत असा दोष निघाला होता की काही जणांनी गेस्ट म्हणून जाऊन आल्यावर त्यांच्या मुख्य खात्याचाच होम फोल्डर रिकामा झाला. पुसायचं एक, पुसलं भलतंच. माझ्या स्क्रिप्टची थोरली बहीणच म्हणायची. २०१७ मध्ये उबुंटू या लिनक्सच्या प्रकारात उलटा प्रकार सापडला. १६.१० आवृत्तीपासून गेस्टभोवतीचं ॲपआर्मरचं (प्रोग्रॅमना मर्यादेत ठेवणारी सोय) कुंपण लागतच नव्हतं आणि पाहुण्याला दुसऱ्यांच्या होम फोल्डरपर्यंत पोहोचता येत होतं. शेवटी गेस्टची सोयच मुळात बंद करून टाकावी लागली. म्हणून महिन्यातून एकदा स्वतः गेस्ट होऊन बसा. काय उघडतं, काय दिसतं, उठल्यावर मागे काय राहतं ते बघा. ॲडमिनच्या खात्यातून हे कधीच कळत नाही.

एकाने सगळी मेमरी खाल्ली, दुसऱ्याने डिस्क भरली, या तक्रारींना पाळत लागतच नाही. डिस्कला कोटा लावा, प्रोसेसची आणि मेमरीची मर्यादा घाला, लॉगआउटनंतर मागे राहिलेले प्रोग्रॅम बंद होतील असं बघा. आणि सगळी घड्याळं एनटीपीवर (नेटवर्कवरून वेळ जुळवायची सोय) लावा, कृपा करून.

तर मित्रा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं की सॉफ्टवेअर सुचवणार नाही. आधी चिठ्ठ्या छापून घे, मग वही, मग मी वर लिहिलेली चार वाक्यं लॉगिनच्या पडद्यावर टाक. तीन महिन्यांनी फोन कर. तेव्हाही काही दिसत नाहीय असं वाटलं तर नेमकं काय दिसायला हवंय ते सांग, मग बोलू.

आपला,
एक माजी सिस्टिम ॲडमिन, सध्या गेस्ट

ता. क. त्या मुलाची मी माफी मागितली, तीही चार लोकांसमोर. तो “असू दे सर” म्हणाला. त्यानंतरच्या वर्षभराच्या वह्या मी चाळल्या आहेत. त्याचं नाव पुन्हा कुठे सापडलं नाही.